मढचे सातभाई

सोहनलालशेठनी जन्मात कांदा तोंडात घातला नाही, आणि मंचरच्या बाजारात कांद्याची त्यांच्याइतकी पारख कुणाला नव्हती. पोत्याला हात न लावता, चार पावलांवरून सांगायचे, हा माल कुठल्या रानातला. कांदा न खाणाऱ्या जैनाची ही कांद्याची आडत आमच्या चेष्टेचा कायमचा विषय.

शहाण्णव साली त्यांनी लेक राखी माळशेजच्या डोंगरातल्या मढ गावी दिली. तिच्या अंगणात सातभाई पक्ष्यांचा थवा उतरला आणि शेठ हातातला चहा विसरले. "आपल्या सातभाईपरीस गळा काळा, शेपूट आखूड. हे येगळेच हायेत!" पुढची तीन वर्षं दर महिन्याला मढला जाऊन ते वही भरत राहिले. बाजार हसला. मीही हसलो, खोटं कशाला सांगू?

पुण्याच्या पक्षीतज्ज्ञ घैसासबाई मात्र हसल्या नाहीत. शेठनी नेऊन दिलेली वही वाचून म्हणाल्या, "वेगळी उपजात असू शकेल. पण नुसत्या नजरेवर कोण विश्वास ठेवणार? नमुना लागतो. दोन पक्षी मारावे लागतील. परवानगीचा अर्ज मी टाइप करून ठेवलाय."

शेठ पांढरे पडले. ज्यांना ओळख मिळवून द्यायची, त्यांचाच जीव घ्यायचा? "बाई, मग नावच नको. तुमच्याकडं जुने, मेलेले आसतील ना? ते दावा."

मी सोबत गेलो. संग्रहालयात बाईंनी पेंढा भरलेले चाळीस सातभाई मांडले, साठ-सत्तर वर्षांपूर्वी मारलेले, सगळे एकाच नावाखाली ठेवलेले. पायांना बांधलेल्या, ठिकाण लिहिलेल्या चिठ्ठ्या पालथ्या केल्या. शेठनी हात जोडून नवकार मंत्र म्हटला आणि एकालाही न शिवता बोट दाखवत गेले. "ह्यो बाजूला. ह्यो. त्यो कोपऱ्यातला." सहा निघाले.

बाईंनी चिठ्ठ्या उलटल्या. माळशेज. माळशेज. मढ. सहाच्या सहा त्याच डोंगरातले! उरलेल्या चौतिसांत तिकडचा एकही नव्हता. शेपट्या पट्टीनं मोजल्या, त्याही आखूड भरल्या. "नमुने इथंच पडून होते," बाई म्हणाल्या आणि अर्ज टराटरा फाडला. शेठ रडले, आणि मला त्यांचा असा अभिमान वाटला की काय सांगू.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अख्ख्या मार्केटला पेढे वाटले. मला दोन, हसल्याबद्दल.

"शेठ, नातू झाला काय?" हमालांनी विचारलं.

"न्हाई रं," शेठ छाती पुढं काढून म्हणाले, "मढचे सातभाई पास झाले, एकबी न मरता!"