विसण

माझा ताप उतरला, पण दूध आटलं ते आटलंच. मग घरात डब्याचं दूध आलं. तीन महिन्यांची लेक, पावसजवळचं सासर, बावीतून शेंदलेलं पाणी आणि मी एवढी शहाणी! सासूबाईंना पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "बाटलीला तुम्ही हात लावायचा नाही. मिश्रीचा हात तुमचा." त्या बिचाऱ्या "बरं गो" म्हणाल्या आणि ओटीवर जाऊन बसल्या.

बाटली, बूच मी पातेल्यात उकळायचे. पाणी तर खळाखळा उकळायचे. तरी मे महिन्यात लेकीला जुलाब लागले. डोळे खोल गेले, टाळू बसली, रडायचंही त्राण उरलं नाही. माझी पाचावर धारण बसली, आणि भ्यायले की माझं तोंड सुटतं. "माझ्यामागे तुम्हीच काहीतरी चाटवलंत हिला!" मी सासूबाईंवर ओरडले.

"नाही गो, देवाशपथ," एवढंच त्या म्हणाल्या. रत्नागिरीपर्यंत एस.टी.त लेकीला मांडीवर घेऊन त्याच बसल्या होत्या.

डॉक्टरांनी विचारलं, "बाटलीचं पाणी कसं करता?"

मी घडाघडा सांगू लागले. "चांगलं उकळून घ्यायचं. मग पोर रडतं, निवेपर्यंत थांबतंय कोण, म्हणून कळशीतलं थोडं विसण..."

बोलता बोलताच मला उमगलं. अंघोळीच्या कढत पाण्यात गार पाणी घालावं, तसं मी दर बाटलीत घालत होते. कच्चं, बावीच्या तळाचं. माझ्या हातानं!

"कच्च्या पाण्याचं विसण? कोण घालतं?" डॉक्टर कडाडले.

"मीच घालते," सासूबाई मागून म्हणाल्या. "हिला कुठलं ठाऊक?"

डॉक्टरांनी त्यांना नाही नाही ते सुनावलं. त्या मान खाली घालून ऐकत राहिल्या. आणि मी? मी तोंडातून ब्र काढला नाही.

लेकीला सलाईन लावलं. वाचली. घरी आल्यावर मी पाणी उकळून, झाकून गार करत ठेवलं आणि म्हटलं, "आज बाटली तुम्ही करा."

"नको गो. तूच कर. आता तू चुकायची नाहीस."

आता त्या नाहीत. लेक स्वतःच्या मुलांना हसत हसत सांगते, "माझ्या आजीनं कच्चं पाणी पाजून मला मारलंच होतं!" मुलं खिदळतात. मी तेव्हाही काही बोलत नाही.