एकोणीस आंदोलने

"अरे, इकडे या सगळे! आजींच्या घरी पृथ्वी जरा जास्तच ओढते बरं का!"

सर माझी प्रयोगवही उंच धरून उभे होते. प्रयोगशाळेतल्या वीस-बावीस मुलांचे हात थांबले. साध्या लंबकावरून गुरुत्वीय त्वरण काढण्याचा प्रयोग. सगळ्यांचे उत्तर सेंटिमीटरमध्ये नऊशे ऐंशीच्या आसपास. माझे एक हजार चौऱ्याऐंशी.

"मोजताना डोळे मिटले होते का, आजी? की मध्येच एखादी आरती झाली?"

हशा झाला. सरांनी पानावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तांबडी रेघ ओढली आणि वही टेबलावरून सरकवली. ती खाली पडली. मी वाकून उचलली आणि कपाळाला लावली. वही जमिनीवर पडली की तसे करायचे, ही लहानपणापासूनची सवय. त्यावर पुन्हा हशा. माझे वय एकसष्ट.

मखमलाबाद रस्त्याला आमचा झेंडूचा मळा. बारावीपर्यंत मी शास्त्र शाखेत होते. पुढे घरच्यांनी ठरवले की प्रयोगशाळेत संध्याकाळपर्यंत थांबणारी मुलगी फुले तोडायला कधी येणार? म्हणून सकाळचे कॉलेज, कला शाखा, संस्कृत. त्या भाषेने मला खूप दिले. तिच्याविषयी माझी तक्रार नाही. तीस वर्षे मी शाळेत संस्कृत शिकवले. पण रामजन्माच्या दिवशी आमच्या मंदिरात पाळण्याची दोरी माझ्या हाती असते. पाळणा थोडा झुलवला काय किंवा थोडा अधिक झुलवला काय, एका झोक्याला वेळ जवळजवळ तेवढाच लागतो, हे मला आयुष्यभर दिसत होते. का, ते कळत नव्हते. ते कळावे म्हणून निवृत्तीनंतर मी पदार्थविज्ञानाच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला. ज्या दिवशी फळ्यावर आंदोलनाचे समीकरण सुटले आणि झोका लहान की मोठा, हे त्यात उरलेच नाही, त्या दिवशी माझे डोळे भरून आले. शिकवणारे हेच सर होते. मी त्यांना मनोमन नमस्कार केला होता.

माझ्या टेबलावर देवळ्याची प्रणाली असे. वही पडली तेव्हा ती हसली नव्हती. जिना उतरताना म्हणाली, "आजी, तुम्ही खरंच मोजत बसल्या? आधी उत्तर लिवायचं, मग उलटं येत वेळ काढायची. सगळे तेच करतात. लय सोप्पं हाय."

मला ते ठाऊक नव्हते. मी खरोखर मोजले होते. अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकवत, जप मोजतात तसे.

त्या संध्याकाळी देवापुढे माळ घेऊन बसले. एकशे आठ मणी सरले, अंगठा मेरुमणीला टेकला आणि थांबला. मेरू मोजायचा नसतो. जप त्याच्यापासून सुरू होतो, पण त्याची गणना होत नाही. आणि मी काय केले होते? लंबक मध्यातून गेला, त्या क्षणी घड्याळ सुरू केले आणि त्याच क्षणी 'एक' म्हटले. तो पहिला मणी नव्हता, मेरू होता. वीस म्हणून मी जी आंदोलने मोजली, ती एकोणीसच होती.

माळ पूर्ण करून उठले. त्याच वेळांना एकोणिसाने भागले. उत्तर आले नऊशे अठ्ठ्याहत्तर.

सोमवारी सह्या होत्या. वहीवर सरांची सही नसेल तर प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येत नाही. मी रांगेत उभी राहिले. तांबड्या रेघेच्या पानाखाली माझी चूक मी सविस्तर लिहिली होती.

"एकोणीस?" सर म्हणाले. "पुस्तकात वीस आहे, आजी."

"मला पुन्हा मोजू द्या, सर. अर्धा तास लागेल."

"सामान कुलपात गेलं. असं करा, प्रणालीची वही घ्या, नवीन पानावर उतरवून काढा. दुपारी सही देतो."

"जे मी पाहिले नाही, ते कसे लिहू?"

"अहो, तुम्हा संस्कृतवाल्यांना पाठांतराची सवय असते ना? तसंच समजा!"

रांग हसली. ते हसू माझ्या ओळखीचे होते. माझ्याच वर्गात, सातपूरच्या कामगार वस्तीतून येणाऱ्या एका मुलीची जीभ 'ष'ला अडखळे. मी तिला चार वेळा उभे केले होते. चारही वेळा वर्ग असाच हसला होता, आणि मी त्याला हसू दिले होते. त्यानंतर तिने हात वर करणे सोडले. त्याला मी शिस्त म्हणत असे.

"नको, सर," मी म्हटले आणि वही उचलली.

"हट्ट! या वयात!"

प्रणाली मागे धावत आली. "आजी, लिवून टाका ना. वर्ष जाईल तुमचं." तिच्या वहीवर सही झाली होती. तिला दोष देणे मला जमले नाही. कार्यालयात गेले. कारकून म्हणाला, "मावशी, सही नाही तर यादीत नाव नाही. आमच्या हातात काय?" प्राचार्यांना दिलेल्या अर्जाचे उत्तर आले नाही. दुसऱ्यांदा दिला. त्याचेही नाही.

तरीही परीक्षेच्या दिवशी गेले. व्हरांड्यातल्या बाकावर बसले. खिडकीतून एक लंबक दिसत होता. समोरचा मुलगा त्याच्याकडे पाहतही नव्हता. मान खाली घालून उत्तरावरून वेळ काढत होता. लंबक आपला झुलत होता. बाहेरून मी मोजत राहिले. त्याची नोंद कुठेही होणार नव्हती.

'ष'ला अडखळणाऱ्या त्या मुलीचा पत्ता शोधते आहे. सापडली तर तिच्यासमोर उभी राहीन. क्षमा करायची की नाही, ते तिचे ती ठरवील.

आणि जूनमध्ये पुन्हा पहिल्या वर्षाचा अर्ज भरीन. सर तेच असतील, कदाचित हसूही तेच. सही मिळेल की नाही, ते माझ्या हाती नाही. लंबक मध्यातून जाईल तेव्हा सगळ्यांना ऐकू जाईल असे 'शून्य' म्हणेन आणि मग मोजेन. वही नवी घेणार नाही. हीच नेईन. तांबड्या रेघेसकट.