रिफातलं गोल घर

इराकची लढाई संपून दोन-तीन वर्षं झाली होती. माझा मुलगा बहरीनला, मनामा शहरात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात होता आणि मी त्याच्याकडे राहत होते. जवळच रिफा गावात एका बहरीनी कुटुंबाचं घर त्याला पहिल्यांदाच स्वतःच्या मनाने बांधायला मिळालं होतं.

पूर्वी म्हणे बहरीनचं हे बेट देवांची बाग होतं. कुणी म्हातारं होत नसे, जमिनीखालून गोडं पाणी वर येई. ती कथा मुलाच्या डोक्यात बसली. वाळूच्या उंचवट्यांसारख्या गोल, बुटक्या खोल्या आणि मधे पाण्याचं टाकं. जेवताना ताटात भाताचे ढीग करून तो मला घर समजावायचा. मी ऐकून घ्यायचे.

एका गुरुवारी तो मला काम दाखवायला घेऊन गेला. दोन खोल्या उभ्या होत्या. मालकाची म्हातारी आई पायघोळ काळ्या अबायात खुर्चीवर गप्प बसली होती. मुलगा पलीकडे मालकाशी बोलत होता.

बिहारी मिस्त्रीने विचारलं, "अम्मा, कैसा लगा बेटे का घर?"

येताना वाटेत जुन्या थडग्यांचे मातीचे ढीग लागले होते. हेही तसेच दिसत होते. मी म्हटलं, "घर कहाँ है? कबरें हैं ये. बुढ़िया को जीते जी इसी में सुलाओगे क्या?"

मिस्त्री हसला.

"बुढ़िया सुन रही है, बहन," खुर्चीवरून आवाज आला.

तिचा नवरा मोत्यांचा व्यापारी. लग्नानंतर ती काही वर्षं मुंबईत राहिली होती. आमच्या जवळच्या जिदहफ्सच्या बाजारात मी अशाच म्हाताऱ्यांशी हिंदीत मासळीचा भाव करायचे. मला कळायला हवं होतं.

म्हातारीच्या सांगण्यावरून दोन्ही खोल्या पाडल्या. शेजारच्यांसारखं चौकोनी, पांढरं, खांबांचं घर झालं. त्याचे नकाशेही मुलानेच काढले.

म्हातारीने माझ्यासाठी हलव्याचा डबा त्याच्याच हाती पाठवला. त्याने तो माझ्यापुढे ठेवला.

"म्हणाली, तुझ्या अम्माने मला कबरीतून बाहेर काढलं."

"मी खोटं नव्हते बोलले रे."

"तुला ते पहिल्यापासून तसंच दिसत होतं?"

"हो."

"मग इतके महिने मी ताटात मांडून दाखवत होतो, तेव्हा का नाही बोललीस?"

तो खूश दिसायचा म्हणून, हे खरं उत्तर होतं. मी हलवा खात राहिले.