चालण्याची फेअर कॉपी

हालचाल शिकवायच्या तासाला मुलांना पुतळे करून उभं करतात, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. "स्टॅच्यू!" म्हणून बाई ओरडल्या की अख्खी पाचवी जिथल्या तिथे थिजायची. एकाचा पाय हवेत, एकीचे हात खेकड्यासारखे वाकडे, आणि दोऱ्याला बांधलेला लोखंडी नट झुलू नये म्हणून कुणीतरी तो चिमटीत धरलेला. मग फोटो. कुणी हललं तर पुन्हा फोटो. मग तो वरच्या साहेबांच्या ग्रुपवर, खाली ओळ : 'कृतीतून शिक्षण'. कृती बंद पाडून काढलेला कृतीचा फोटो!

मी तिथे गेलेले ते आमच्या गटातर्फे. विज्ञान, शिक्षण असल्या विषयांवर पत्रकं काढणारा डोंबिवलीतला छोटासा गट, आणि पत्रकं लिहायचं काम माझं. 'घोकंपट्टी बंद करा!', 'मुलांना हात लावून शिकू द्या!' उद्गारचिन्हांची मला कधी ददात नव्हती. लोक पत्रक घ्यायचे आणि वडापाव खाऊन झाला की त्यालाच हात पुसायचे. एका बैठकीत कुणीतरी म्हणालं, "नुसतं लिहितेस काय, जाऊन करून दाखव ना." लागलं मला ते. मानपाड्याच्या एका मराठी शाळेने परवानगी दिली. दर शनिवारी दोन तास, विषय हालचाल. अर्धा वेळ विज्ञान आणि अर्धा वेळ नाच, नक्कल, चित्रं असं दोन्ही मिसळून घ्यायचं.

पोरं भन्नाट होती. त्यांच्या बापांपैकी बरेच जण एमआयडीसीत, त्यामुळे लोलकासाठी नट आणा म्हटलं तर तऱ्हतऱ्हेचे नट आले. दोरा लांब केला की झोका सावकाश होतो, हे मी सांगायच्या आधी त्यांनी शोधून काढलं आणि वर माझ्याशीच वाद घातला. भरलेली बादली नेणारी बाई आणि रिकामी बादली नेणारी बाई, दोन्ही करून दाखवा म्हटलं. तर एक मुलगी भरलेली बादली नेताना इतकी वाकली की खरंच पाणी सांडल्यासारखं पुढचे दोघे मागे सरले.

आणि एक मुलगी या सगळ्यात नव्हती. ती दाराशी बाकावर बसलेली असायची, शेजारी पाण्याच्या बाटल्यांची रांग. तिचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड होता, त्या पायातल्या बुटाला जाड तळ होता. मी बाईंना विचारलं, ही तिथे का?

"पीटीला ती बाटल्या सांभाळते ना. मला वाटलं हेही तसंच. धावपळीचं आहे तुमचं."

"तिला विचारलंत?"

"अहो मॅडम, पडली बिडली तर जबाबदारी कुणाची?"

पहिलीपासून पाचवीपर्यंत ही पोरगी इतरांच्या बाटल्यांची राखण करत बसलेली! आणि बाई अगदी प्रेमाने सांगत होत्या. याचीच मला जास्त शिसारी आली. दुष्ट माणसाशी भांडता तरी येतं. मी तिला उठवून वर्गात आणलं. ती लगेच आली, जणू कुणी बोलवायचीच वाट बघत होती.

तिसऱ्या की चौथ्या शनिवारी रेषांचा खेळ घेतला. व्हरांड्याच्या भिंतीवर वह्यांना कव्हर घालतात त्या खाकी कागदाच्या लांबच लांब पट्ट्या चिकटवल्या, प्रत्येकाला एक. स्केचपेन खांद्याशी घट्ट धरायचा, टोक कागदाला टेकवायचं आणि भिंतीच्या कडेने नेहमीसारखं चालत जायचं. माणूस चालताना वरखाली होतो, त्याची लाट कागदावर उमटते. प्रत्येकाची वेगळी. घाईत असलेल्याची वेगळी, पाय ओढत चालणाऱ्याची जवळजवळ सपाट.

तिची रेषा उमटली आणि वर्ग ओरडला. एक मोठा उंचवटा, एक छोटा. पुन्हा मोठा, पुन्हा छोटा. शेवटपर्यंत तस्साच ताल.

"ए, हिची बघ! मोठा डोंगर, छोटा डोंगर!"

"आणि तुझी बघ," ती म्हणाली, "झोपलेली अळी."

सगळे खिदळले. मग एकाच्या डोक्यात आलं की आपल्यालाही असे डोंगर काढायचे. एका पायातली चप्पल काढून चालून बघितलं, नाही जमलं. दुसऱ्या पायाखाली वही बांधून बघितली, वही फाटली. ती कमरेवर हात ठेवून बघत होती. "असं नाही रे येड्या. आधी कमरेतून उचल, मग टाक." अर्धा तास ती वर्गाला चालायला शिकवत होती. ती! तिने अख्खी भिंत फिरून पाच-सहा जणांना तपासलं आणि एकालाही पास केलं नाही.

तास संपल्यावर तिने मला गाठलं. "ताई, प्रदर्शनात हे लावणार ना? माझी पण?"

"तुझी तर आधी लावणार," मी म्हणाले. शब्द दिला. ठाण्यातल्या माजिवड्याला विज्ञान प्रदर्शन होतं आणि शाळेने आमचा विषय पाठवायचं ठरवलेलं.

आता या शाळांची एक रीत आहे, तुम्हीआम्ही सगळे त्यातूनच आलोय. रफ वही आणि फेअर वही. आधी रफमध्ये करायचं, मग फेअरमध्ये उतरवायचं. खाडाखोड नको, समास सोडायचा. वहीपुरतं ठीक आहे हो. पण प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात मी शिक्षकांच्या खोलीत शिरले, तर बाईंनी पोरांच्या रेषा फेअर केलेल्या! पांढराशुभ्र कार्डबोर्ड, त्यावर एकाखाली एक आठ लाटा, सगळ्या एकसारख्या, वेगवेगळ्या रंगात. बाजूला हजेरी क्रमांक.

"बांगडी ठेवून काढल्या," बाई मान चोळत म्हणाल्या. "पाठ मोडली बघा माझी. पण छान उठून दिसतंय की नाही?"

आठ माणसं आणि एकच चाल! माणसामाणसांतला फरक दाखवायला केलेला प्रयोग, आणि तोच फरक खोडरबराने पुसल्यासारखा. तिचा हजेरी क्रमांक तिसऱ्या ओळीवर होता. तिसरी लाट इतर सातांइतकीच गुळगुळीत. खरे कागद कोपऱ्यात रद्दीच्या गठ्ठ्यावर पडले होते.

मी मुख्याध्यापकांकडे गेले. सर समजूतदार सुरात बोलायला लागले. तो सूर मला आता लांबून ओळखू येतो.

"मॅडम, तुमचं तत्त्व बरोबर आहे. पण नीटनेटकेपणाला गुण असतात. आणि त्या मुलीचं बघा. लोक विचारणार, ही रेषा अशी का? चारचौघांत बिचारीला काय वाटेल?"

"ती स्वतःच लावा म्हणतेय सर."

"मुलांना काय कळतं? तुमचा आग्रहच असेल तर राहू द्या. आठवीचा ज्वालामुखी तयार आहे, तो पाठवू."

म्हणजे तिच्या एका रेषेपायी बाकी सगळं रद्द. मी मनात हिशेब मांडला : इतके शनिवार, गटाला द्यायचा अहवाल, प्रदर्शनातले फोटो. आणि मी, 'मुलांना बोलू द्या!' लिहिणारी, म्हणाले, "ठीक आहे." एकही उद्गारचिन्ह न घालता.

रद्दीतून तिचा कागद मात्र उचलला, गुंडाळला आणि माझ्या पिशवीत टाकला. तिला सांगितलं, "तुझी माझ्याकडे आहे. नीट ठेवलीये."

"मग लावणार ना?"

"बघू."

मोठ्यांच्या 'बघू'चा अर्थ नाही असा असतो, हे पाचवीतल्या पोराला कळतं.

प्रदर्शनाला तिघांना न्यायचं होतं. तिची निवड झाली, कारण समजावून सांगायला तिच्याइतकं कुणी चांगलं नव्हतं. सरांनी हरकत घेतली नाही. "टेबलामागे उभी राहिली की काही दिसत नाही," असं बाईंना म्हणाले, आणि मी तिथेच उभी होते. लिहितानासुद्धा हात धुवावेसे वाटतात.

माजिवड्याच्या त्या हॉलमध्ये आमच्या एका बाजूला पाणी वाचवा, दुसऱ्या बाजूला कुणाचा तरी ज्वालामुखी. परीक्षक वयस्कर गृहस्थ, शुद्ध बोलणारे, हातात गुणांची फळी. तिने लोलक समजावला, बादली समजावली, मग पुठ्ठ्याकडे हात केला आणि लाट म्हणजे काय ते सांगितलं. एक शब्द चुकला नाही.

"वा. आणि यातली तुझी कोणती गं बाळ?"

बाई मागून पुटपुटल्या, "तिसरी. तिसरी सांग."

तिने पुठ्ठ्याकडे बघितलंही नाही. "माझी इथे नाहीये. माझी ताईंच्या पिशवीत आहे."

सगळे माझ्याकडे वळले. त्या क्षणी मला कुणी स्टॅच्यू म्हणायची गरज नव्हती. सर हसत होते, फक्त ओठांनी. पिशवी खांद्यालाच होती. मी कागद काढला. तो चुरगळलेला, एका कोपऱ्यावर चपलेचा ठसा. टेबलावर मावेना म्हणून तिने आणि एका मुलाने तो जमिनीवर पसरला. मग ती टेबलामागून बाहेर आली आणि रेषेवर बोट ठेवून म्हणाली, "हा माझा बुटाचा पाय. हा दुसरा. उंच होते तेव्हा मोठा डोंगर."

परीक्षक खाली वाकले. "अरे, ही तर खरी आहे. मग ही का नाही लावली?"

"सर, ते रफ आहे," मुख्याध्यापक म्हणाले.

"अच्छा, अच्छा," परीक्षक म्हणाले. घड्याळ बघितलं, फळीवर काहीतरी लिहिलं आणि ज्वालामुखीकडे गेले. बस, एवढंच.

आम्हाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. नीटनेटक्या मांडणीसाठी! सरांनी पुठ्ठा मध्ये धरायला लावून तिघांचा फोटो काढला. "हलू नका," म्हणाले.

परतताना शाळेने ठरवलेली गाडी शीळफाट्याला अडकली. ती माझ्या शेजारी बसलेली, गुंडाळी तिच्या मांडीवर.

"ताई, तुम्ही ही एवढे दिवस पिशवीत का ठेवलीत?"

"अगं, सांभाळून ठेवलेली. फेकून देणार होते ते."

"सांभाळून तर माझ्या घरीपण राहिली असती."

तिने कागद थोडा उलगडला, शाई कुठे पुसली गेलीये का ते बोट फिरवून बघितलं, पुन्हा घट्ट गुंडाळला आणि केसांचा रबर काढून त्यावर चढवला. मानपाडा येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. उतरताना बाईंना आणि त्या दोन पोरांना टाटा केला. मला नाही.