दुपारी आडवं व्हायचं नाही

भर दुपारी नांदगाव खंडेश्वरहून मामेभावाचा फोन आला, "ताई, आई गेली." मी अकोल्यात कूलरसमोर आडवी पडले होते. ताडकन उठून बसले आणि उगाच लाज वाटली... सुमनमामीला दुपारी आडवं होणं चार वर्षांपासून बंद होतं.

मामी झेंडू-शेवंती पिकवणाऱ्या घरची, दिवसभर वाफ्यात वाकलेली. मग एकाएकी असं व्हायला लागलं, की ती उभी राहिली की डोळ्यांपुढं अंधारी, आणि धाडकन खाली. लिंबू-मिठाचं पाणी झालं, दृष्ट काढून झाली. शेवटी अमरावतीच्या डॉक्टरांनी ओळखलं, उभं राहताच बीपी उतरतो. नसा आवळून तो वर चढवणारी गोळी दिली आणि बजावलं, गोळी घेतल्यावर चार तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर बीपी भलताच चढेल. गोळी लागली की तिच्या डोक्यात मुंग्या यायच्या. "चढली वं गोळी!" म्हणत डोकं खाजवायची, आणि खुरपं घेऊन निघाली वाफ्यात!

पण आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला आलेला माणूस आधी काय म्हणतो? "निजून राय बाई." माझ्या आईनं तर एकदा मायेपोटी भावजयीला हात धरून निजवलंच. मामी ठणकत्या डोक्यानं उठली. मामा आईवर कडाडले, "मारतं का तिले?"

तेव्हापासून मामा दुपारभर तिच्यासमोर खुर्ची टाकून बसू लागले. जन्मात बायकोशी "वाढ" आणि "चाल" यापलीकडे न बोललेला माणूस! हार ओवता ओवता दोघं भांडायचे, हसायचे. तिची मान लवली की मामा ओरडायचे, "अवं, झोपली का?" मामी मला म्हणाली होती, "बीपीचं जाऊ दे, ह्या गोळीनं तुह्या मामाले बोलतं केलं." खरं सांगते, मला तिचा हेवा वाटला.

त्या दिवशीही गोळी घेऊन ती खुर्चीत बसली होती. मान लवली. मामांना वाटलं, डुलकी लागली... मी पोचले तेव्हा तिला अंगणात निजवलं होतं आणि मामा जमलेल्यांवर चिडले होते, "आडवं कावून केलं तिले? गोळी घेतली हाये तिनं!"

तेरवीच्या जेवणानंतर घरभर माणसं लवंडली. ओसरीत मामा एकटे ताठ बसलेले, समोर मामीची खुर्ची.

"मामा, पडा ना जरा."

"दुपारी निजाचं नाई," मामा म्हणाले, "डाक्टरनं सांगतलं हाये."