घड उतरलेला बुंधा

घड कापून नेल्यावर मागे उरलेला केळीचा बुंधा आधी पिवळा पडतो, मग तपकिरी होतो, आणि मग त्याच्या सोपटांतून, म्हणजे एकावर एक गुंडाळलेल्या सालींतून, काळं, बुळबुळीत पाणी झिरपू लागतं... पाचोऱ्याच्या आमच्या घरामागे, न्हाणीचं सांडपाणी जिथं मुरायचं तिथं, माझ्या लहानपणी असा एक बुंधा कितीतरी दिवस कुजत उभा होता. साबण, शेवाळ आणि आंबलेला चीक यांचा मिश्र दर्प दुपारच्या उन्हात थेट स्वयंपाकघरापर्यंत यायचा. सोपट जरा ओढलं की आत पांढरट अळ्या वळवळायच्या. मला तेव्हापासूनच टापटीप लागे – पुस्तकांना कव्हरं, रिबिनी सारख्या लांबीच्या – आणि दारामागे हे असलं. नातवंडांनो, तुमच्या दुकानातली केळी पिवळीजर्द, स्टिकर लावलेली असतात. त्यांच्यामागचा बुंधा तुम्हांला कोणी दाखवणार नाही, म्हणून मी सांगते आहे.

घरामागची ती केळ अक्काची, म्हणजे माझ्या थोरल्या आत्याची. तिच्यामागे मी रोज भुणभुण लावी.

"अक्का, पाडून टाका ना तो बुंधा. घाण वास येतो."

"राहू दे. तिन्हामा आजून बठ्ठं शे. पिल पी राहिनं."

जुन्या केळीत अजून सगळं आहे, पिल ते पितंय, असं ती तिच्या अहिराणीत सांगत होती. पिल म्हणजे त्याच कंदातून बाजूला फुटलेलं केळीचं पोर. मी नाक दाबून म्हटलं, "मला जेवण जात नाही." त्यावर अक्का शांतपणे म्हणाली, "तुले वास येस, त्याले चव लागस."

त्याच सुमारास आईला दिवस गेलेले होते. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता, फणीला केसांचे पुंजके येत. एका दुपारी मी पाणी प्यायला आत गेले, तर आई चुलीपाशी बसून, चूल सारवायच्या पांढऱ्या मातीचा खडा दातांनी फोडत होती. तो कुर्रम आवाज... तिच्या ओठांवर पांढरा चिकट लेप होता.

"खात नाही ग," ती म्हणाली, "नुसती चव बघतेय."

अक्का नेमकी मागच्या दारातून आत आली. तिनं आईच्या मुठीतला खडा काढून अंगणात भिरकावला.

"ते बाळ पी राहिनं, अन् तू माती खाई राहिनी? मांगे काय ऱ्हाई तुन्हं?"

"उभी राहीन की, अक्का," आई हसत म्हणाली. "तुमच्या त्या केळीसारखी."

अक्का हसली नाही. मी तर तशीच परसात गेले आणि बुंध्याला हात लावला. बोट दुसऱ्या पेरापर्यंत आत गेलं, गार आणि लिबलिबीत. शेजारी पिल ताठ उभं होतं, नव्या पानाची चकचकीत सुरळी वर काढून. मी तिथंच ओकले.

त्या संध्याकाळपासून अक्का वडिलांचं ताट वाढण्याआधी आईपुढे दुधाचा पेला ठेवू लागली. बाजरीची भाकरी, तिळाची चटणी, शेवग्याच्या पाल्याची भाजी. पण उशीर झाला होता. भाऊ झाला तो गुटगुटीत. बारशाला आलेल्या बायका कौतुकानं म्हणाल्या, "आईचं सगळं बाळाच्या अंगी लागलं हो." पुढे काही वर्षांत आईचे दात हलू लागले, एकेक करून पडले, आणि ती पदर तोंडाशी धरून हसायला शिकली.

कॉलेजात इंग्रजी पुस्तकांतून वनस्पतिशास्त्र शिकताना मला अक्काच्या बोलण्याचा उलगडा झाला. मुळांनी ओढलेले क्षार पाण्याबरोबर वर चढतात. पुढे झाड जुन्या पानांतलं, जुन्या खोडातलं नत्र, स्फुरद, पालाश काढून घेतं आणि जिथं नवी वाढ चालू असते तिथं धाडतं. चुन्याचं, म्हणजे कॅल्शियमचं, मात्र तसं नाही. पानात एकदा बसलेला चुना सहसा परत निघत नाही. जुनं पान तेवढं तरी स्वतःपाशी राखतं. आईच्या हाडांना तेवढीही सवलत नव्हती; त्यांतला चुनाही बाळाकडे गेला...

यालाच लोक त्याग म्हणतात, त्यावर भाषणं करतात. मला त्या शब्दाला अजून तोच दर्प येतो – साबणाचा, आंबलेल्या चिकाचा. शेवटी शेवटी आईची पाठ इतकी वाकली होती की तिला चूल नव्हे, फक्त चुलीपुढची जमीन दिसायची.

आता मेहरूणला माझ्या घरामागेही एक केळ आहे. न्हाणीचं पाणी मी तिच्याकडे जाऊ देत नाही. घड उतरला की माळीभाऊ विचारतात, "बाई, बुंधा पाडू?" मी म्हणते, राहू द्या, पिल पितंय. वास येतो, मी खिडकी लावून घेते.

पण घड निघायच्या कितीतरी आधी, केळ अजून तरणी, सरळ असते तेव्हा, शेणखताची पाटी मी स्वतः तिच्या बुडाशी नेते. हातमोजे घालून, तोंड फिरवून, किळस गिळत मी ते मातीत कालवते. तुमच्या आईला दिवस होते तेव्हा गोळ्या आणि दुधाचा पेला घेऊन मी अशीच तिच्यापुढे उभी राहायचे. ती तोंड वाकडं करायची, आणि पेला रिकामा झाल्याशिवाय मी हलायची नाही.