म्हशीच्या गोष्टीची समीक्षा

बाईंची कोणी स्तुती केली की त्या विचारत, "कोणत्या पानावर?" प्रश्न खोचक नसे. त्यांना खरोखर पान हवं असे. चिखलीतल्या एका सत्कारात पाहुणे म्हणाले, "बाई, तुमची कविता काळजाला हात घालते." गळ्यात हार असतानाच बाईंनी पान विचारलं. पाहुण्यांनी आठवून एक वाक्य म्हणून दाखवलं. "हे तं प्रकाशकानं मागच्या कव्हरवर लिहिलं आहे," बाई म्हणाल्या आणि त्यांच्या हातावर पेढा ठेवला.

बाई उंद्रीच्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत असताना त्या कविता, कादंबऱ्या आणि मुलांसाठी गोष्टी लिहू लागल्या; निवृत्तीनंतरही लिहीत राहिल्या. आता त्या नाहीत. त्यांच्या कवितेवर आणि कादंबरीवर चांगलं लिहिलं गेलं. मी काम करतो त्या वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीतही ते छापून आलं. कविता कमी शब्दांत नेमकं बोलते, धरणात गेलेल्या गावावरची कादंबरी आकांत न करता दुःख सांगते, असं समीक्षकांचं मत होतं. मुलांच्या पुस्तकांचा उल्लेख बहुतेक लेखांच्या शेवटी येई: 'याशिवाय त्यांनी बालसाहित्यही लिहिले आहे.' बाई त्या ओळीला 'याशिवायची ओळ' म्हणत.

मुलांची गोष्ट छापायला देण्यापूर्वी त्या ती शाळेत वाचून दाखवत. निवृत्तीनंतरही हा रिवाज मोडला नाही. सतरंजी अंथरायची, दार उघडं ठेवायचं आणि मुलांना सांगायचं, "कंटाळा आला तं खुशाल उठून जा." ज्या ओळीला मूल उठे, त्या ओळीसमोर त्या पेन्सिलीने फुली मारत. त्या मुलाला कोणी रागावलेलं त्यांना चालत नसे. "पोरगं खोटं उठत नाही," त्या म्हणत. "मोठे लोक मातर खोटे बसून राह्यतात."

त्या हयात असतानाच त्यांच्यावर गौरवग्रंथ काढायचं ठरलं, तेव्हा संपादन एका निवृत्त प्राध्यापकांकडे आलं. त्यांना सगळे प्रोफेसर म्हणत. बाईंच्या कवितेवर सर्वात आधी त्यांनीच लिहिलं होतं. कवितेवरचे लेख आले, कादंबरीवरचे आले. मुलांच्या पुस्तकांवर लिहायला कोणी तयार होईना. समितीने त्या पुस्तकांची नुसती यादी शेवटी द्यायचं ठरवलं.

समितीचा हा निर्णय सांगायला प्रोफेसर बाईंच्या घरी गेले, तेव्हा मजकूर लावण्याचं काम माझ्याकडे असल्याने मीही सोबत होतो.

"मंग ग्रंथच काढू नका," बाई म्हणाल्या.

"बाई, हट्ट करू नका. चिमणीच्या गोष्टीला समीक्षा कायले लागते?"

"चिमणी नाही. म्हैस आहे."

प्रोफेसरांनी बाईंचं म्हशीच्या गोष्टीचं पुस्तक वाचलं नव्हतं, हे तिथेच उघड झालं. मग बाईंनी चहा ठेवला आणि म्हणाल्या, "शनिवारी शाळेत या. वाचून दाखवा पोरायले. मंग तुम्ही म्हणसान ते."

शनिवारी सकाळची शाळा सुटायच्या आधी प्रोफेसर सतरंजीसमोर खुर्चीत बसले. गोष्ट धरणामुळे हललेल्या गावातल्या एका म्हशीची. नव्या वस्तीत नवा गोठा मिळतो, पण ती रोज संध्याकाळी जुन्या गावाच्या वाटेला लागते. प्रोफेसरांनी दोन पानं वाचली आणि पुस्तक मांडीवर ठेवून म्हणाले, "मुलांनो, इथे म्हैस हे विस्थापनाचं प्रतीक आहे."

मागची तीन मुलं उठून गेली. चौथं चपला शोधू लागलं.

"फुली मारता का बाई?" प्रोफेसरांनी विचारलं.

"मारली. पण ओळीवर नाही, तुमच्यावर मारली," बाई म्हणाल्या. "समजावू नका न जी. नुसतं वाचा."

प्रोफेसर हसले आणि पुन्हा पहिल्यापासून वाचू लागले, या वेळी मध्ये न थांबता. गेलेल्यांपैकी दोघं दारात येऊन उभे राहिले. म्हैस पाण्याच्या काठाशी येऊन थांबते, तिथे एका मुलीने विचारलं, "सर, तिले पोहता येते ना?"

"येते," शेजारची म्हणाली. "पण तिकडं जाऊन काय करीन? गोठा तं पाण्यात हाय."

प्रोफेसरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. समजावलं काहीच नाही. गोष्ट संपेपर्यंत सतरंजीवरून कोणी उठलं नाही.

लेख त्यांनी स्वतः लिहिला. कादंबरीने अनेक प्रकरणांत जे सांगितलं ते या गोष्टीत एक म्हैस नुसती काठावर थांबून सांगते, असं त्यात होतं. ज्या अल्पाक्षरी कवितेची आपण इतकी वर्षं वाखाणणी केली, तिची शब्दांची काटकसर बाई उंद्रीच्या शाळेत, उठून जाणाऱ्या मुलांकडून शिकल्या आहेत, असंही होतं. कविता, कादंबरी आणि बालसाहित्य असे तीन विभाग पाडणं ही संपादकांची सोय आहे, लेखिकेची नव्हे, हे त्यांचं शेवटचं वाक्य. त्यांनीच तो लेख ग्रंथात पहिला लावायला सांगितला.

लेखाची छापील पानं मी बाईंना चिखलीच्या बसस्थानकावर दिली. त्या उंद्रीला परत निघाल्या होत्या आणि गाडी फलाटावर लागलेली होती. "गाडीत वाचतो," म्हणत त्यांनी पानं घेतली, पण बाकावरच वाचायला सुरुवात केली. कंडक्टरने हाक मारली. पुन्हा मारली. एक बाई खिडकीतून ओरडली, "ओ बाई, येता की राह्यता?" बाईंनी मान वर केली नाही. गाडी निघून गेली.

शेवटचं पान संपल्यावर त्यांनी रिकाम्या फलाटाकडे पाहिलं.

"काऊन सांगितलं नाही बे?"

"कंडक्टरने दोनदा बोलावलं, बाई."

"हाव का?" त्या म्हणाल्या. पिशवी पायाशी नीट ठेवली, पानं जुळवली आणि लेख पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला.